उन्हाळ्याचा पगार

माझे वडील कोर्टात जिंकले, त्या वर्षी आमच्या घरी दिवाळीचा फराळ झाला नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ते एका फाउंड्रीत ओतकाम करायचे. एके सकाळी मालकानं निम्म्या कामगारांना गेटच्या आतच घेतलं नाही. कामगार लेबर कोर्टात गेले, तारखा पडत राहिल्या, आणि शेवटी निकाल कामगारांच्या बाजूनं लागला. गल्लीत पेढे वाटले गेले. वडिलांना खांद्यावर घेऊन पोरांनी एक फेरीसुद्धा मारली, कारण ते आमच्या पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघाचे जुने गोलकीपर होते आणि पोरांना फेरी मारायला निमित्तच लागायचं.

पैसे मात्र आले नाहीत. आठवडाभरानं मालक स्वतः आमच्या खोलीवर आला. चटईवर मांडी घालून बसला, आईच्या हातचा चहा प्याला आणि म्हणाला, "एकदम कुठनं आणू? हप्त्यानं देतो. माझ्यावर भरोसा न्हाई काय?"

वडील म्हणाले, "हाय की."

पहिला हप्ता आला. दुसरा येण्याआधी त्यानं भट्टी विकली, जागा मेव्हण्याच्या नावावर केली आणि गेटला कुलूप लावलं. कोर्टाचा निवाडा आमच्याकडे होता, आणि भट्टी सांगलीला गेली होती.

त्यानंतर घर आईनं चालवलं. ती एका खानावळीत भाकरी थापायची. तिची बोटं कायम भाजलेली असायची, आणि हिवाळ्यात ती केस विंचरायला माझ्या बहिणीला बसवायची, कारण फणी धरवत नसे. वडील मिळेल तिथं हमाली करायचे. संध्याकाळी मात्र मैदानाच्या भिंतीवर जाऊन बसायचे. कोल्हापुरात फुटबॉल हा काही टीव्हीवर बघायचा खेळ नाही. पेठ विरुद्ध पेठ अशी मॅच असली की बाजार लवकर बंद होतो. आमचं मैदान मातीचं होतं. वडील म्हणायचे, "एकदा गवतावर झेप घ्यायची होती रं. राहिलंच."

मी आमच्या घराण्यातला पहिला बी.कॉम. हे मी आजही पहिल्या भेटीत सांगतो. कुणाला मिरवणं वाटलं तर वाटो. आईच्या भाजलेल्या बोटांवर मी शिकलो, ते लपवायचं कशाला?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तालमीतल्या एका मित्राच्या ओळखीनं मी शारजाला गेलो. तिथल्या रोल्ला भागात एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो. खालच्या दुकानात लातूरच्या तूरडाळीपासून मुंबईच्या अगरबत्तीपर्यंत सगळं मिळायचं आणि दुकानदार मल्याळी. आधी एका बिल्डिंग मटेरियलवाल्याकडे हिशेब लिहिले. मग एक दिवस कळलं, की दुबईच्या टोकाला, शारजाच्या हद्दीजवळ आयरिश लोकांचा एक फुटबॉल क्लब आहे आणि त्यांना ऑफिस सांभाळायला माणूस हवाय.

मुलाखत घेतली कोचनं. तो तिथल्या एका शाळेत खेळाचा शिक्षक होता आणि संध्याकाळी क्लबच्या मुलांना शिकवायचा. लाल तोंड, गुडघ्यावर जुन्या टाक्यांचा व्रण, आवाज वाफेच्या इंजिनासारखा.

"फुटबॉल कळतो?" त्यानं विचारलं.

"कोल्हापूरचा आहे," मी म्हणालो. त्याला कोल्हापूर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, म्हणून मी अर्धा तास सांगत बसलो. पेठा, तालमी, भिंतीवर बसलेली माणसं, मॅच हरली म्हणून मोडलेली सोयरीक. तो शेवटी टेबलावर हात आपटून हसला. "हे तर आमच्या गावासारखंच आहे!" नोकरी मिळाली. बी.कॉम.चा कागद त्यानं पाहिलासुद्धा नाही, याचं मला जरा वाईटच वाटलं.

त्या क्लबात एक गोष्ट मला पहिल्या दिवशीच आवडली. चहा. इंग्रज लोक चहाचं जे काही करतात ते मी आधीच्या नोकरीत पाहिलं होतं. आयरिश माणूस मात्र चहा कडक करतो, त्यात दूध ओततो आणि कप रिकामा झाला की न विचारता भरतो. शिवाय त्यांचा एक शब्द होता, "ग्रँड". पाऊस पडला, ग्रँड. गोल चुकला, ग्रँड. पगार पुढच्या आठवड्यात देऊ, ग्रँड. शारजात ज्या कामाला लोक इन्शाल्ला म्हणायचे, त्याला आमच्या क्लबात ग्रँड म्हणायचे. दोन्हीचा अर्थ बघू या, होईल.

मैदानावर गवत होतं. वाळूत, खाऱ्या वाऱ्यात, खरं हिरवं गवत. ते सांभाळायचे खेडकडचे एक चाचा. रत्नागिरी जिल्ह्यातले, अजमानला आपल्या गावच्या लोकांबरोबर राहायचे. मला पाहताच त्यांनी ओळखलं.

"कोल्हापूर? म्हणजे तिखट खाऊन रडणार आणि वर सांगणार, तिखट नाहीच."

"आणि तुम्ही कोकणातले. म्हणजे आधी भांडणार, मग विचारणार कशावरून."

"क्लार्कसाहेब जिभेचे बरे आहेत," ते म्हणाले, आणि तेव्हापासून मी त्यांचा क्लार्कसाहेब झालो. चिडवताना क्लार्कसाहेब आणि माया आली की नुसता बाळा.

त्या गवताचं वेड मला फोनमुळे लागलं. पंधरा दिवसांतून एकदा मी कार्ड घालून बूथवरून घरी फोन करायचो. म्हणजे गल्लीतल्या एसटीडीवाल्याकडे. तो वडिलांना हाक मारून आणायचा. वडील धापा टाकत यायचे आणि पहिला प्रश्न, "गवत कसं हाय?"

"मी कसा आहे ते विचारा की."

"तू बोलतोयस म्हंजे बरा हायस. गवताचं सांग."

मग मी सांगायचो. टँकरचं पाणी कधी आलं, कुठल्या कोपऱ्यात पिवळं पडलंय, चाचांनी तिथं काय केलं. फोनचे पैसे गवतावर जायचे.

आता त्या क्लबची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून झालं.

तिकडे फुटबॉलचा मोसम सप्टेंबरला सुरू व्हायचा आणि मेमध्ये संपायचा. मे संपला की आयरिश कुटुंबं बायकापोरांसह गावी जायची. मैदान रिकामं. सभासदांची फी बंद, म्हणजे क्लबच्या बँकेत काही नाही. मग माझा आणि चाचांचा जून, जुलै, ऑगस्टचा पगार थांबायचा. सप्टेंबरमध्ये लोक परत आले, मुलांची नावं घातली, फी जमा झाली, की तीन महिन्यांचा पगार एकरकमी हातात यायचा. कागदावर यातलं काही नव्हतं. जुना अध्यक्ष, म्हातारा इंजिनिअर, हस्तांदोलन करून सांगायचा, आणि तसंच व्हायचं.

दुसऱ्या कुणी हे ऐकून घेतलं नसतं. माझ्या खोलीतला केरळी मित्र म्हणायचा, "भाई, पागल है क्या? लिखवा ले." पण मी तालमीत वाढलेला. आमच्याकडे मोसमात खेळाडूला दूध, अंडी, खुराक मिळतो आणि हिशेब स्पर्धा संपल्यावर होतो. मधेच हात पसरला तर लोक म्हणतात, हा आपला नव्हे. वस्तादानं शब्द दिला की संपलं. मला त्या आयरिश क्लबात तालीमच दिसली. मी लिहून मागितलं नाही. मागणं मला हलकटपणा वाटला असता.

आणि उन्हाळ्यात आम्ही काम करायचोच. पन्नास डिग्रीच्या उन्हात गवताला पाणी नाही मिळालं तर ते आठवड्यात मरतं. चाचा पहाटे आणि सूर्य कलल्यावर पाइप धरायचे. मी पत्र्याच्या पोर्टाकॅबिनमधल्या ऑफिसात लीगचे कागद तयार करायचो, टँकरवाल्याशी भांडायचो आणि चाचांना बरं नसलं तर स्वतः पाइप धरायचो. अशी बरीच वर्षं चांगली गेली.

मग जुना अध्यक्ष कायमचा आयर्लंडला परत गेला. आदल्या उन्हाळ्याचा अर्धा पगार देणं राहिलं होतं, ते पुढचे बघतील, ग्रँड, असं सांगून गेला. नवीन कमिटी आली. एका बँकेतला तरुण अधिकारी अध्यक्ष झाला. इस्त्रीचा शर्ट, हिशेबाचा पक्का. त्या सप्टेंबरात मी त्याच्यासमोर उन्हाळ्याच्या पगाराचा विषय काढला, तेव्हा त्यानं खरोखर आश्चर्यानं माझ्याकडे पाहिलं.

"पण क्लब तर बंद होता."

"मैदान चालू होतं," मी म्हणालो. "बाहेर बघा."

"कुणी सांगितलं होतं काम करायला?"

"कुणी सांगावं लागत नाही. गवत मरतं."

"मग तुम्ही ते तुमच्या आवडीनं केलं. त्याबद्दल क्लब आभारी आहे." तो वाईट माणूस नव्हता. त्याला वाटत होतं तो क्लबचे पैसे वाचवतोय. दोन आठवड्यांनी त्यानं आम्हा दोघांना कळवलं, की क्लबला पगारी माणसं परवडत नाहीत, यापुढे पालक मंडळी आळीपाळीनं काम करतील. म्हणजे नोकरी गेली, उन्हाळा गेला, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर तिथल्या कायद्यानं जी रक्कम मिळते तीही द्यायला तो तयार नव्हता.

नेमकं त्याच वेळी घरून निरोप आला. आमची खोली भाड्याची होती, आजोबांच्या वेळेपासून. मालक ती विकत होता. त्यानं माणुसकी दाखवली. म्हणाला, तुमचा पहिला हक्क, दोन लाख द्या, पुढच्या दिवाळीपर्यंत थांबतो. वर्षभराची मुदत होती. वडील फोनवर म्हणाले, "ह्या खोलीतनं तालीम दिसती. दुसरीकडनं दिसत न्हाई." बास, एवढंच.

माझं येणं कायद्यानं एकोणीस हजार दिरहम होत होतं. दिरहमाचे बारा धरले तर सव्वादोन लाखांच्या वर. खोली त्यात येत होती.

मी लेबर ऑफिसात तक्रार घातली. चाचांना ओढून नेलं.

"मला कोर्टकचेरी नको बाळा," ते म्हणाले. "आमच्यात म्हणतात, कोर्टाची पायरी..."

"माहीत आहे. आमच्यात पण म्हणतात. माझे वडील ती चढले आहेत."

"मग?"

"मग मी पुढची चढणार."

लेबर ऑफिसच्या साहेबानं दोन्ही बाजूंना बसवून समजूत काढायचा प्रयत्न केला, यल्ला, म्हणजे चला, आपसात मिटवा म्हणाला. अध्यक्ष ऐकेना. प्रकरण कोर्टात गेलं. केस संपेपर्यंत मला धड दुसरी नोकरी घेता येईना. रोल्लातल्या दोन घरांत मी मुलांना अकाउंट्स शिकवायचो, त्यावर खोलीचं भाडं निघायचं. चाचा अजमानला एका नातेवाइकाच्या टायरच्या दुकानात बसायचे.

कोर्टात सगळं अरबीत. क्लबचा वकील म्हणाला, उन्हाळ्यात क्लब बंद असतो, तेव्हा ही माणसं कामावर होती याला पुरावा काय? आमच्याकडे खरंच काही नव्हतं. हस्तांदोलनाची पावती मिळत नाही.

पुरावा म्हणून उभा राहिला तो कोच.

त्याला कुणी बोलावलं नव्हतं. मी तर नक्कीच नाही, मला संकोच होता. त्याला पालकांकडून कळलं होतं. तो शाळेच्या कपड्यांतच आला, शिट्टी गळ्यात तशीच. त्यानं सांगितलं, की गेली काही वर्षं तो जुलैत लवकर परत यायचा आणि या दोघांना मैदानावर रोज पाहायचा. सप्टेंबरात एकरकमी पगार द्यायची रीत खरी आहे, आपल्यासमोर जुन्या अध्यक्षानं शब्द दिला होता. दुभाष्या ते अरबीत सांगत होता तेव्हा कोच माझ्याकडे बघत होता. बाहेर आल्यावर मी आभार मानायला गेलो, तर म्हणाला, "थँक्यू कसलं? मी काय गोल केला का? जे झालं ते सांगितलं."

चाचा मला हळूच म्हणाले, "याचं तोंड लाल आहे, पण पोट कोकणी आहे. आत काही ठेवत नाही."

निकाल आमच्या बाजूनं लागला, पावसाळ्याच्या सुमारास. म्हणजे कोल्हापुरात पावसाळा, आमच्याकडे धुळीचे दिवस. सगळी रक्कम, दोघांचीही. मी बूथवरून फोन केला.

"जिंकलो," मी म्हणालो.

पलीकडून वडील म्हणाले, "मी बी जिंकलो हुतो."

त्यांचं खरं ठरलं. क्लबनं पैसे दिले नाहीत. नाकारले पण नाहीत. नुसते दिले नाहीत. वसुलीचा अर्ज घातला तर कळलं, की वसूल करायला काही नाहीच. पोर्टाकॅबिन भाड्याची, जमीन एका स्थानिक शेखांची, बँकेत उन्हाळ्यामुळे खडखडाट. क्लबची एकच खरी रक्कम होती, मैदानाच्या भाड्यापोटी जमीनमालकाकडे ठेवलेलं मोठं डिपॉझिट. ते मैदान सोडल्याशिवाय मिळणार नव्हतं.

पण मी त्या क्लबचा क्लार्क होतो. दर सप्टेंबरला लीगकडे खेळाडूंची नावं नोंदवायची ती मीच नोंदवायचो. ही लीग म्हणजे तिथं राहणाऱ्या परदेशी लोकांच्या हौशी क्लबांची. तिचा एक नियम होता. ज्या क्लबवर कोर्टाचं देणं थकलंय त्याच्या खेळाडूंची त्या मोसमात नोंदणी होत नाही, कुणी हरकत घेतली तर. असं का, तर पूर्वी एक क्लब दुकानदारांना बुडवून पळाला होता म्हणून. इतक्या वर्षांत ती हरकत कुणी घेतली नव्हती. घेणार कोण? क्लबचे नोकर लीगच्या सभेला जात नसत.

मी गेलो. एका शाळेच्या हॉलमध्ये सभा होती, लहान मुलांच्या खुर्च्यांवर मोठमोठे गोरे बसलेले. मी उभा राहून इंग्रजीत सांगितलं, कोर्टाचा निवाडा दाखवला आणि खाली बसलो. माझं इंग्रजी कॉलेजचं होतं, पण त्या दिवशी कुठं अडलं नाही. लीगच्या सेक्रेटरीनं नियम वाचला, चष्मा काढला आणि म्हणाला, "हा माणूस म्हणतोय ते बरोबर आहे."

आयरिश क्लबची नोंदणी थांबली. मोठ्यांचा संघ आणि लहान मुलांचे सगळे संघही.

दोन दिवसांनी कोच रोल्लाला आला. तिथं तो पहिल्यांदाच येत होता. वर येता येता जिन्यातल्या लोकांनी त्याला पोलीस समजून वाट दिली. माझ्या खोलीत खाटांच्या मधे तो मावेना. मी चहा केला, त्याला आवडायचा तसा कडक.

"मी कमिटीशी बोललोय," तो म्हणाला. "हरकत मागे घे. मुलांची नोंदणी होऊ दे. फी जमा झाली की पहिला हप्ता लगेच, पुढचे दर महिन्याला. मार्चपर्यंत सगळं फिटेल. अध्यक्षावर नको, माझ्यावर विश्वास ठेव."

हप्ता. मी तो शब्द ऐकला आणि मला चटई दिसली, आईचा चहा दिसला.

"एकदम द्या," मी म्हणालो. "त्याच दिवशी हरकत काढतो."

"एकदम द्यायचं तर मैदान सोडावं लागेल. तुला ते माहीत आहे."

"माहीत आहे."

"बारा वर्षांची पोरं आहेत रे. त्यांनी तुझं काय केलंय?"

"काही नाही. मी पण कुणाचा तरी पोरगाच आहे."

त्यानं चहा संपवला. मी न विचारता पुन्हा भरला. तोही तो प्याला. जाताना दारात थांबून म्हणाला, "मी कोर्टात आलो ते परतफेड हवी म्हणून नव्हे. ते तेवढं डोक्यात ठेवू नकोस." आणि गेला. त्यानं ते मला मोकळं करायला सांगितलं होतं. पण त्या वाक्यानं मी मोकळा झालो नाही.

मी घरी फोन केला. वडिलांना सगळं सांगितलं, कोचसकट. म्हटलं, माणूस खरा आहे.

"आमचा मालक बी चटईवर बसला हुता," वडील म्हणाले. "हप्ता म्हटलं की उठून यायचं."

"हा मालक नाही, आबा."

"मग त्याच्या हातात न्हाईच काय. बरोबर का न्हाई?"

ते बरोबर होतं. पैसे कमिटीचे, शब्द कोचचा. मी चाचांनाही विचारलं. ते टायरवर बसून पान लावत होते. "मी तर हप्ते घेतले असते," ते म्हणाले. "माणूस बघून घेतले असते. पण तू शिकलेला. तू म्हणशील ते."

मी म्हटलं, एकरकमी.

कमिटीनं दीड महिना काढला. नोंदणी नाही, म्हणजे मॅच नाही. मॅच नाही, म्हणजे फी नाही. मुलं एकेक करून दुसऱ्या क्लबांत गेली. मग मैदान ठेवून करायचं काय, म्हणून त्यांनी मैदान सोडलं. डिपॉझिट परत आलं, त्यातून आमचं देणं चुकतं झालं. अध्यक्षानं चेक स्वतःच्या हातानं दिला. "खलास?" त्यानं विचारलं. अरबी शब्द त्याला तेवढाच येत असावा.

"खलास," मी म्हणालो.

तोवर दिवाळी होऊन गेली होती. खोलीच्या मालकानं दिवाळीपर्यंत वाट पाहिली, वर भाऊबीजेपर्यंतही थांबला. वडिलांनी त्याला सांगितलं, पोरगा जिंकलाय, पैसे येणार आहेत. तो म्हणाला, "काका, निदान बयाणा तरी द्या. दहावीस हजार ठेवा माझ्या हातावर, मग सहा महिने थांबतो." बयाणा आमच्याकडे नव्हता. पहिला हप्ता घेतला असता तर झाला असता. खोली एका भांड्यांच्या व्यापाऱ्यानं घेतली. गोडाऊनसाठी.

यात कुणाची चूक, याचा हिशेब मी बऱ्याचदा मांडून पाहिला आहे. अकाउंट्स शिकलोय, तेव्हा दोन्ही बाजू जुळायला हव्यात. जुळत नाहीत. कमिटीनं हप्ते बुडवले असते का? अध्यक्ष बदलला असता तर कदाचित बुडालेही असते. कोच तिथं असेतो बहुधा नसते. आजही तोच प्रसंग आला तर मी एकरकमीच मागेन, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. आणि तरी त्या खाटांच्या मधे अवघडून बसलेला तो माणूस आठवला की घास जात नाही, हेही खरं.

पैसे मिळाल्यावर मी आणि चाचा एकदा मैदानावर गेलो. पाणी बंद होऊन महिना झाला असेल. गवत गेलं होतं. म्हणजे दिसत होतं, पण पायाखाली चुरचुरत होतं, जळक्या पापडासारखं. चाचा गोलपोस्टच्या जागी उभे राहिले. खांब विकले गेले होते, खड्डे तेवढे होते.

"हे हिवाळ्यात मेलं," ते म्हणाले. "उन्हाळ्यात जगवलं आणि हिवाळ्यात मेलं. असं कधी ऐकलंस?"

मी एका खड्ड्यात पायानं माती लोटली.

"चल क्लार्कसाहेब. इथं उभं राहून ते पुन्हा उगवणार आहे का?"

कोच त्या मोसमभर दुसऱ्या एका क्लबात मदतनीस म्हणून गेला, पण त्याचं मन लागलं नाही असं ऐकलं. मी एकदा त्याच्या शाळेत फोन केला. शिपायानं निरोप घेतला. उलट फोन आला नाही. मेमध्ये सगळे गावी गेले तसा तोही गेला, आणि सप्टेंबरमध्ये परत आलेल्यांत तो नव्हता. चाचांनी आपले पैसे घेऊन गावी हापूसची बाग धरली आणि ते पुन्हा अजमानला आले नाहीत. दर मोसमात निरोप पाठवायचे, आंबे न्यायला माणूस पाठव. माणूस मला कधी सापडला नाही.

वडिलांना मी फोनवर कळवलं होतंच, पण सुट्टीत गेल्यावर समोरासमोर सांगितलं. सगळे पैसे मिळाले, दोघांचेही, एका दिवसात. त्यांनी मान हलवली. त्यांना किती बरं वाटलं ते मला कळलं, कारण त्यांनी आईला हाक मारून तेच पुन्हा सांगायला लावलं. मग आई आत गेली, तेव्हा विचारलं, "आणि गवत?"

मी सांगितलं.

ते खिडकीकडे बघत राहिले. ती नव्या घराची खिडकी होती, तिथून तालीम दिसत नव्हती. "खरं गवत हुतं न्हवं?" ते म्हणाले.

"होय आबा. खरं होतं."

ते घर पेठेपासून लांब, गावाच्या कडेला आहे. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मी निवाड्याच्या पैशातून घेतलं आणि आईच्या नावावर केलं. त्या दिवसापासून आईनं खानावळीत भाकरी थापली नाही. आमच्या घराण्यात कोर्टानं दिलेला पैसा पुरा घरात आला, तो तेवढाच.